गाडीला उलांडी कशी बांधायची?

वाचकांचे प्रश्न : वर्कशॉप

प्रश्न : काका नमस्कार. म्हापशाला माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे, गेट, ग्रिल, पत्र्याची छपरं, कधी टेम्पोचा हौदा, असली कामं करतो. आयटीआय वेल्डर केलंय. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत चार-पाच पोरांची एक टीम मालवाहू इलेक्ट्रिक पिकअप बनवतेय, ती त्यांना पिथमपूरला (इंदूरजवळ) टेस्ट ट्रॅकवर न्यायची आहे, जोरात स्टिअरिंग मारल्यावर गाडी सावरते की कलंडते ते बघायला. त्यासाठी दोन्ही बाजूंना आऊटरिगर करून दे म्हणतात, गाडी उलटायला लागली की जमिनीला टेकतील असे, एक पुढे आणि एक मागे. ड्रॉइंग काहीच नाही, मोबाइलवर दोन फोटो दाखवले. गाडी रिकामी १३०० किलो, डाव्या-उजव्या चाकातलं अंतर १.४ मीटर. मी ५० चा अँगल घेऊन एकदम मजबूत करून देणार होतो, दोन्ही मिळून ८० किलोच्या आसपास होईल. बंपरला बोल्ट केलं तर चालेल ना? चवथीच्या आधी द्यायचंय.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : अँगल कापायच्या आधी विचारलंस ते फार बरं केलंस. कापला असशील तर बाजूला ठेव, गेटला वापर.

हे काम समजायला तुला लांब जायला नको, मोरजीला नाहीतर तुमच्या जवळच्या कुठल्याही किनाऱ्यावर जा आणि उलांडीची होडी नीट बघ. होडी अरुंद, लाटेवर कलंडणार, म्हणून बाजूला दोन आडव्या काठ्या काढून त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. हलक्या लाकडाचा, हे महत्त्वाचं. कोणी तिथे सागाचा जड ओंडका बांधत नाही, कारण मग होडीच वेगळी वागायला लागेल. आऊटरिगर म्हणजे गाडीची उलांडी, आणि नियम तोच.

मी पुण्याकडे एका टेस्ट लॅबमध्ये बरीच वर्षं गाड्या तयार करायचं काम केलं, म्हणजे टेस्टच्या आधी गाडीत कॅमेरे, सेन्सर, वजनं, डेटाचा डबा हे सगळं बसवायचं. मीही तुझ्यासारखाच गेट-ग्रिलमधून तिथे गेलो होतो. पहिल्याच वर्षी क्रॅशच्या गाडीत कॅमेऱ्यासाठी ब्रॅकेट करायला सांगितलं, मी ६ एमएमचा फ्लॅट घेऊन असा भक्कम केला की हत्ती बसला तरी वाकणार नाही, आणि फ्लोअरच्या पत्र्याला चारही बाजूंनी वेल्ड मारला. इंजिनियरने बघितलं, गाडी वजनकाट्यावर घेतली, आणि सगळं काढायला लावलं. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, एवढं चांगलं काम का तोडायचं म्हणून. नंतर कळलं की समोरच्या धडकेच्या युरोपातल्या आर-९४ नियमात लिहिलेलंच आहे, मोजमापाच्या सामानामुळे कुठल्याही अ‍ॅक्सलवरचं वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त बदलता कामा नये आणि तो बदल २० किलोच्या वर जाता कामा नये. वर माझ्या त्या वेल्डमुळे फ्लोअरचा पत्रा कडक झाला होता, म्हणजे धडकेत जिथे पत्रा चुरगळायला हवा तिथे तो चुरगळला नसता आणि गाडी होती त्यापेक्षा चांगली दिसली असती. त्या गाडीचे मार्क बघून उद्या कोणीतरी आपल्या पोरांना घेऊन ती विकत घेणार असतं.

आता तुझं बघ. गेटला मजबुती हाच गुण, पण टेस्टच्या गाडीवर आपण जे काही चढवतो त्याने निकाल बदलता कामा नये, हा पहिला गुण, मजबुती त्याच्या मागून. तुझे ८० किलो गाडीला काय करतील ते हिशोबानेच सांगतो. समज पिकअपचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे, आणि तुझे आऊटरिगर बंपरच्या उंचीला म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटरवर. १३०० किलोत ते ८० मिळवलेस की गुरुत्वमध्य ६३ च्या जवळ खाली येतो. म्हणजे आऊटरिगर जमिनीला टेकायच्या आधीच, नुसता लटकून राहूनच, तो गाडीला स्थिर करतोय. पोरं म्हणतील वा, आपली गाडी पास, आणि विकलेल्या गाडीवर आऊटरिगर असणारच नाही.

अमेरिकेत ईएससीची, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या सिस्टिमची, जी टेस्ट आहे (एफएमव्हीएसएस १२६), तिच्यात म्हणून आऊटरिगरचं वजनच बांधून दिलंय. १५८८ किलोच्या आतल्या गाडीला हलका आऊटरिगर लावायचा, वजन जास्तीत जास्त २७ किलो, आणि लोळण्याच्या दिशेचं जडत्व जास्तीत जास्त २७ किलोग्रॅम-मीटर वर्ग. आपल्याकडे ईएससीला एआयएस-१३३ हा नियम आहे, तुझ्या टीमला ते माहीत असेल, पण आऊटरिगर करताना हा २७ चा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेव. तुझा एक ४० किलोचा होतोय.

त्या दुसऱ्या २७ ला घाबरू नको, सोपं आहे. वजन गुणिले मधल्या रेषेपासूनच्या अंतराचा वर्ग, एवढंच. टोकाला १.६ मीटरवर २ किलोचा तुकडा लावलास तर २ गुणिले २.५६ म्हणजे ५ च्या वर गेला, दोन्ही बाजूंचे मिळून १० च्या वर, म्हणजे नुसत्या टोकांनी तुझा एक तृतीयांशपेक्षा जास्त कोटा खाल्ला. तेच २ किलो मध्यापासून अर्ध्या मीटरवर असते तर ५ ऐवजी नुसता ०.५ लागला असता. म्हणून टोक जितकं हलकं करता येईल तितकं कर, वजन टाकायचंच असेल तर मध्ये टाक. अमेरिकेच्या सरकारी एजन्सीने तर स्वतःच्या टेस्टसाठी टायटॅनियमचे आऊटरिगर केले, आपल्याला ते परवडणार नाही, पण पाइप परवडतो.

५० बाय ५० बाय ५ चा अँगल मीटरला ३.८ किलो भरतो. ५० बाहेरचा व्यास आणि २ एमएम जाडीचा पाइप मीटरला २.४ किलोच्या आत बसतो, आणि वाकायच्या ताकदीत तो अँगलपेक्षा थोडा जास्तच निघतो, शिवाय अँगल जसा पिळवटतो तसा पाइप पिळवटत नाही. पातळ भिंतीचा मोठा पाइप घे, त्रिकोण कर. आणि इथे आपण ग्रिलवाले एक चूक हमखास करतो, आपल्याला वाटतं भार वरून खाली येणार. पण टोक जमिनीला टेकेल तेव्हा गाडी ८० च्या स्पीडने पुढे चाललेली असते आणि बाजूलाही घसरत असते, त्यामुळे टोकाला जमीन वर ढकलते, मागे ओढते आणि आतही दाबते. म्हणून एक तिरका पाइप खालून वर जाणारा आणि एक तिरका पुढे-मागे जाणारा, दोन्ही पाहिजेत. नेमका किती भार धरायचा तो आकडा त्यांच्या इंजिनियरकडून लिहून घे, सहीसकट, अंदाजाने करू नको.

टोकाला लोखंडाची कड उघडी ठेवू नको. ती डांबरात रुतली तर गाडी तिथेच अडखळून पलटी होते, म्हणजे जे टाळायला लावलं त्यानेच घात. जाड कडक प्लास्टिकची पट्टी, नायलॉन किंवा त्याहून घसरडं, पुढून वर वळवलेली, काउंटरसंक बोल्टने लावून दे आणि दोन-चार जादा पट्ट्या बरोबर दे, घासून जातात.

आता उंची, हे तुला कोणी सांगितलं नसेल. टोक जमिनीपासून किती वर ठेवायचं? खूप खाली ठेवलंस तर गाडी नुसती झुकली तरी टेकेल, टेस्टच खराब. खूप वर ठेवलंस तर टेकेपर्यंत गाडी गेलेली असेल. तुझ्याच आकड्यांवर करू. टोक मध्यापासून १.६ मीटर, बाहेरचं चाक मध्यापासून ०.७, म्हणजे टोक चाकाच्या बाहेर ०.९ मीटर. टोक २५ सेंटीमीटर वर ठेवलंस असं धर. वळणात बॉडी सस्पेन्शनवर ५ अंश झुकली की चारही चाकं जमिनीवर असतानाच टोक १४ सेंटीमीटर खाली आलं! उरले ११. तेवढं खाली यायला गाडी बाहेरच्या चाकावर ७ अंश कलंडते आणि तेव्हा आतली चाकं साधारण १७ सेंटीमीटर उचललेली असतात. हे चांगलं आहे, कारण चाकं उचलली की नाही हे बघायला ५ सेंटीमीटर पुरतात, आणि १७ ला अजून गाडी हाताबाहेर गेलेली नसते. पण त्या ५ अंशांऐवजी त्यांची गाडी ८ अंश झुकत असेल तर हिशोब बदलला. म्हणून टोकाची उंची फिक्स करू नकोस, प्लेटला भोकांची रांग दे, २ सेंटीमीटरच्या अंतराने, आणि उंची ड्रायव्हर बसवून, सामान चढवून मग मोजायची. रिकाम्या गाडीवर मोजलेली उंची भरलेल्या गाडीवर राहत नाही.

बंपरला बोल्ट करायचं विसर. बंपर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा, मागे काही नाही. बंपर काढून त्याच्या मागे चेसिसला जिथे बोल्टची भोकं असतात, टोइंग हुकची असतात, ती वापर. नवीन भोक पाडायचं असेल तर टीमला विचारल्याशिवाय नाही, आणि चेसिसला वेल्ड अजिबात नाही. एक तर ती इलेक्ट्रिक गाडी, वेल्डिंगचा करंट कुठून कुठे फिरेल आणि कुठला कंट्रोलर जाळेल सांगता येत नाही, वर बॅटरी बाजूलाच. दुसरं म्हणजे हल्लीच्या गाड्यांत काही भाग गरम दाबून केलेल्या बोरॉन स्टीलचे असतात, १५०० मेगापास्कलच्या ताकदीचे, त्याला वेल्डची धग लागली की आजूबाजूची पट्टी मऊ पडते, बाहेरून काही दिसत नाही. चेसिस चौकोनी पोकळ असेल तर बोल्ट आवळताना दबतो, आत पाइपाचा तुकडा स्लीव्ह म्हणून घाल. बोल्ट ८.८ ग्रेडचेच घे, डोक्यावर आकडा कोरलेला बघून, आणि टॉर्क दिल्यावर नटवरून प्लेटवर रंगाची एक रेघ मार, रेघ सरकली म्हणजे नट सैल झाला, प्रत्येक रनच्या मधे बघायची.

त्यांना आणखी दोन गोष्टी माझ्या नावाने सांग. मागच्या हौद्यात भार म्हणून रेतीच्या गोणी टाकणार असतील तर नको, पहिल्याच वळणात गोणी एका बाजूला सरकतात आणि मग टेस्ट गाडीची की गोणींची हेच कळत नाही. पाण्याची पिंपंही तशीच, पाणी हेलकावतं. लोखंडी प्लेटा कर, बोल्टने बांध, आणि माल भरल्यावर जितक्या उंचीला येईल तितक्या उंचीला बांध, फ्लोअरला नको. सुटं काही ठेवायचं नाही, क्रॅशमध्ये ३० जी सहज येतो, १० किलोचा डबा त्या क्षणी ३०० किलोसारखा ओढतो, पत्र्यात वॉशर न घालता मारलेला बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, डेटाचा डबा पुढच्या सीटवर येऊन पडला होता, सुदैवाने तिथे डमी होता.

दुसरं, पिथमपूरला जायच्या आधी इथेच कुठल्यातरी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ट्रायल घेऊ असं म्हणतील, मला खात्री आहे म्हणतील. अजिबात जाऊ नको त्यांच्याबरोबर. ती टेस्ट सुक्या, एकसारख्या, जवळजवळ सपाट डांबरावर असते, उतार १ टक्क्याच्या आत, घर्षण ०.९ चं. सड्यावर जांभा, मधे खड्डा, मधे माती, बाजूला घसरणाऱ्या चाकाला एक धोंडा अडला की आऊटरिगर असो नसो गाडी उलटते. शिवाय खरी टेस्ट माणूस हाताने करतही नाही, ८० ला स्टिअरिंगचा रोबोट ठरलेल्या लयीत चाक एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवतो, तिथे अर्धा सेकंद धरून ठेवतो, मग सरळ करतो, आणि प्रत्येक रनला कोन वाढवत निदान २७० अंशांपर्यंत नेतो. उत्साही पोराने सड्यावर ते करायचं नसतं.

ही टेस्ट उगाच कोणाच्या डोक्यातून आलेली नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनच्या एका मोटर मासिकाने मर्सिडीज ए-क्लास अशीच अचानक वळवून बघितली आणि ती उलटली, एवढी मोठी कंपनी, पण त्यांना विकलेल्या गाड्यासुद्धा परत बोलवून ईएसपी, म्हणजे हीच ईएससी, बसवावं लागलं. तुझ्या वेर्ण्याच्या पोरांना हे आत्ताच, एकच गाडी असताना कळलं तर केवढं चांगलं. चवथीच्या आधी नाही झालं तर नाही झालं, त्यांना सांग. दिलास की मला वजन कळव, काट्यावरचं.

प्रश्न : सर, मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमची बाहाची (कॉलेजच्या मुलांनी ऑफ-रोड गाडी बनवायच्या स्पर्धेची) टीम आहे. रोल केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपाच्या पिंजऱ्याच्या, वेल्डिंगचे सॅम्पल स्पर्धेच्या नियमाप्रमाणे द्यावे लागतात, ते आम्ही कॉलेजमध्येच ओढून बघितले तर टी-जॉइंटचा वेल्डच सुटला. पाइप २५.४ एमएम, जाडी ३ एमएम, मिग (वायर आणि गॅसचं वेल्डिंग) वापरलंय. वरून बीड छान दिसत होती. बाहेरच्या वेल्डरकडून सॅम्पल करून घ्यावं असं टीममधले काही जण म्हणतात.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बाहेरच्याकडून सॅम्पल करून घेऊ नका. ते सॅम्पल त्या हाताचं आहे ज्याने केज वेल्ड केलाय, त्या केजखाली तुमचाच एक मित्र हेल्मेट घालून चार तास एन्ड्युरन्सला बसणार आहे. बाहेरच्या चांगल्या वेल्डरकडून सॅम्पल करायचं असेल तर केजही त्यालाच करू दे.

वेल्ड सुटला याचा अर्थ तो पाइपात गेलाच नाही, वर बसला. नियमाचा हेतूच तो आहे, ओढल्यावर पाइप फाटला पाहिजे, वेल्ड नाही. तुझ्या वर्णनावरून मला तीन गोष्टींचा संशय आहे. एक, आडव्या पाइपावर उभा पाइप बसवताना त्याचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, ते ग्राइंडरने अंदाजाने केलं की फट राहते, आणि मिगवाला ती फट वायरने भरतो, वरून सुंदर बीड दिसते. फटीत ब्लेडचं पातं जात असेल तर परत घासायचं. होल-सॉने कापा, वेळ वाचतो. दोन, करंट कमी. ३ एमएमला घाबरून कमी ठेवतात, भोक पडेल म्हणून. तीन, आपली हवा. जून ते सप्टेंबर इथे पाइपावर एका रात्रीत गंज धरतो, सकाळी तो पुसल्याशिवाय वेल्ड केलात तर बीडमध्ये बारीक भोकं पडतात, आणि शेडला एक बाजू उघडी असेल तर वारा गॅस उडवून नेतो. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना इंचभर चमकेपर्यंत घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, ताडपत्री लावा.

३० अंशाचं जे दुसरं सॅम्पल असतं, लांबीत कापून बघायचं, त्याला टी-जॉइंटपेक्षा जास्त वेळ द्या. अरुंद कोपऱ्यात टॉर्च पोचत नाही, तिथेच पोकळी राहते. कापल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर नायटल लावा (लॅबमध्ये मेटलर्जीच्या मॅडमकडे असेल, त्यांच्या हातूनच करून घ्या, अ‍ॅसिड आहे), वेल्ड कुठपर्यंत गेला ते लख्ख दिसतं. असे दहा सॅम्पल करून कापा, अकराव्यानंतर केजला हात लावा. पुढच्या वर्षी ४१३० च्या (क्रोमोली स्टीलच्या) पाइपावर गेलात तर टिग करा आणि वेल्ड झाल्यावर ओलं फडकं लावून थंड करायचं नाही, ते ठिसूळ होतं.

आणि पाइपात कार्बन किमान ०.१८ टक्के असल्याचं सर्टिफिकेट दुकानदाराकडून आत्ताच घेऊन ठेवा. हेल्मेटपासून केजचं १५२ एमएम अंतर तुमच्यातल्या सगळ्यात उंच ड्रायव्हरला बसवून मोजा, बाकी अंगाचं ७६. ड्रायव्हर ऐनवेळी बदलतो आणि मग केज कापायची वेळ येते.

प्रश्न : माझ्याकडे जुनी जीप आहे, मुलांना घेऊन फिरतो. सेफ्टीसाठी आत रोल केज आणि पुढे बुल गार्ड करायचा विचार आहे. गॅरेजवाला दीड इंची जीआय पाइपात करून देतो म्हणतोय. करावं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दोन्ही नको. बुल गार्डवर तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच सगळ्या राज्यांना कारवाई करायला कळवलंय, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बेकायदा बदल धरला जातो. धडक बसली की तो भार थेट चेसिसवर नेतो, पुढचा भाग चुरगळून धक्का कमी व्हायला हवा तो होत नाही, एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सर फसतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याला लोखंडाचा पाइप लागतो.

केजबद्दल तुमचा हेतू मला कळतो, पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या (ऑफ-रोड स्पर्धेच्या) जीपना केज बघितलेला असतो. पण त्या ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि अंगाला हार्नेस. तुमच्या मुलांच्या डोक्यावर काही नसणार, साध्या टकरीत डोकं पाइपावर आपटेल. जीआय पाइप तर नळाचा, त्याच्या जस्ताने वेल्ड कच्चा होतो आणि धूर वेल्डरच्या छातीत जातो, त्यालाही सांगा. स्पर्धेच्या केजला एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संस्थेच्या नियमात मुख्य कमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ एमएमच्या सीमलेस पाइपाची असते, प्रत्येक पायाखाली पत्र्याच्या पलीकडून निदान ३ एमएमची, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट, आणि कमीत कमी तीन एम८ चे ८.८ बोल्ट. गॅरेजवाला पाय नुसता पत्र्याला चिकटवून देईल, उलटल्यावर तो पाय फ्लोअर फाडून खाली जाईल.

त्या पैशात जीपला मागच्या सीटसकट तीन पॉइंटचे चांगले बेल्ट बसवून घ्या, अँकरच्या मागे प्लेट घालून, आणि टायर बघा किती जुने झालेत.